एका नावाचे दोन फॉन्ट: नांदेडच्या एका डीटीपी दुकानातल्या फॉन्टसाठ्याचं प्रकरण

पत्रिका धाकट्या बहिणीच्या लग्नाची. थोरलीची पत्रिका तीन वर्षांपूर्वी याच दुकानात झालेली, म्हणून कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली तीच फाईल उघडली. नवरा-नवरीची नावं, तिथी, मुहूर्त, मंगल कार्यालय एवढं बदललं. निमंत्रकांची यादी जशीच्या तशी ठेवली. प्रूफ वाचलं ते बदललेल्या ओळींचं. जी ओळ कुणी शिवलीच नाही, ती कोण कशाला वाचेल? चारशे पत्रिका छापून, घडी घालून, हळदीकुंकू लावायला घरी गेल्या आणि संध्याकाळी नवरीचे मामा पाकीट हातात घेऊन दुकानात हजर. यादीतल्या ‘सौ. विद्याताई’ या नावातला ‘द्य’ गायब होता. ‘वि’च्या पुढे रुपयाचं चिन्ह आणि त्याला काना. “आमच्या आत्याचं नाव रुपयात छापलंय का हो?”

हे दुकान वजिराबादेतलं धरलं आहे, पण ते कुठलंही एक दुकान नाही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स, सहकारी संस्थांचे अहवाल करणाऱ्या मराठवाड्यातल्या लहान दुकानांत जे आढळतं, ते एकाच ठिकाणी मांडलं आहे. आकडेही या नमुन्याच्या दुकानाचेच समजावेत.

कामाचा संगणक एक: विंडोज १०, आठ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. त्यावर कोरलड्रॉ, इनडिझाइन, जुन्या अहवालांसाठी अजून जिवंत ठेवलेला पेजमेकर ७ आणि उर्दूसाठी इनपेज. ऑपरेटरची रोजची तक्रार वेगळीच होती: “मालक, कोरल उघडंना झालंय.” त्यावर मालकांचं ठरलेलं उत्तर, “तवर चहा सांगून ये.” कोरल उघडायला पावणेतीन मिनिटं लागायची, आणि फॉन्टची यादी खाली ओढली की ती मध्येच गोठायची.

मालकांनी दोन्ही दुखण्यांचं निदान एकच केलं: फॉन्ट लई झालेत, निम्मे उडवा. इथंच घोळ होतो. ही दुखणी दोन आहेत. संथपणा येतो संख्येमुळे, आणि रुपया आला तो नावांमुळे. नुसती संख्या कमी करायला गेलं, तर यंत्र पळायला लागेल हे खरं, पण दोन जुळ्यांपैकी नेमका कामाचा फॉन्ट उडण्याची शक्यता निम्मी असते. मग पुढच्या पत्रिकेत कुठल्या आत्याचं काय होईल, सांगता येत नाही.

रुपया आला कुठून

मराठी डीटीपीत वर्षानुवर्षं चाललेले फॉन्ट आठ बिटांचे आहेत. एका फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा क, पूर्ण क, काना, रफार, दोन-तीन उंचींच्या वेलांट्या, ‘द्य’, ‘द्ध’, ‘क्ष’ असे तयार जोड. ३२ ते २५५ अशा मिळून २२४ जागा. त्यातल्याही काही विंडोजच्या १२५२ कोडपानात (क्रमांक-अक्षरांच्या तक्त्यात) रिकाम्या. फाईलमध्ये ‘विद्या’ असं काही लिहिलेलंच नसतं. तिथं असतात क्रमांक, आणि त्या क्रमांकावर कोणतं चित्र काढायचं हे फॉन्ट ठरवतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव या प्रत्येकाची मांडणी निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला की कचरा दिसतो, आणि तो लगेच दिसतो म्हणून त्याची भीती कमी.

भीती बाळगावी ती एकाच नावाच्या दोन फाइलींची. रुपयाचं चिन्ह भारत सरकारने २०१० च्या जुलैमध्ये स्वीकारलं, आणि त्याच वर्षी ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, ६.० आवृत्तीत आलं. पण पावतीपुस्तकावर ‘₹’ छापायची घाई सगळ्यांनाच होती. मग कुणी बॅकटिकच्या कळीवर रुपया बसवलेला इंग्रजी फॉन्ट वापरला, तर कुणी जुना मराठी फॉन्टच एडिटरमध्ये उघडला, आपल्याला ‘नको’ वाटलेली एक जागा पुसली, तिथं ₹ चिकटवला आणि फाईल त्याच नावाने सेव्ह केली. ती प्रत पेनड्राइव्हवरून दहा दुकानांत गेली. पुढं कुणीतरी ‘पाच हजार मराठी फॉन्ट’ असं संकलन केलं, त्यातही तीच शिरली. या दुकानात ते संकलन सगळं एकदम निवडून इन्स्टॉल केलं गेलं. विंडोजने विचारलं की हा फॉन्ट आधीच आहे, बदलू का, आणि ‘सगळ्यांना होय’ दाबलं गेलं. जुनी फाईल गेली, त्याच नावाची दुसरी आली. कोरलला फॉन्ट नावाने सापडला, त्यामुळे ‘फॉन्ट सापडत नाही’ ही खिडकीसुद्धा आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं.

फाइलीचं नाव बदलून हा पेच सुटत नाही. विंडोज आणि कोरल पाहतात ते फॉन्टच्या पोटातल्या नेम टेबलमधलं नाव: क्रमांक १ वर कुटुंबाचं नाव, २ वर शैली (साधा, जाड, तिरपा), ४ वर पूर्ण नाव, ६ वर पोस्टस्क्रिप्ट नाव. बाहेरून दोन फाइलींना काहीही म्हणा, आतली नावं सारखी असतील तर यंत्राच्या लेखी तो फॉन्ट एकच.

आधी मोजणी, मग हात

फॉन्ट तीन ठिकाणी सापडले. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात ६,३१२ फाइली. ऑपरेटरच्या स्वतःच्या खात्याखाली, लोकल ॲपडेटाच्या आत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर ४१८. आणि डी ड्राइव्हवर ‘फॉन्ट’, ‘न्यू फॉन्ट’, ‘न्यू फॉन्ट २’, ‘फॉन्ट फायनल’ अशा फोल्डरांत १४,२००. एकूण २०,९३०.

दुसरं ठिकाण पुष्कळांना माहीतच नसतं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर उजवी क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो फक्त त्या खात्यापुरता बसतो. सगळ्यांसाठी हवा तर ‘सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल’ हा पर्याय निवडावा लागतो आणि त्याला ॲडमिनची परवानगी लागते. मालकांच्या खात्यात दिसणारा फॉन्ट ऑपरेटरला न दिसणं, किंवा इनडिझाइनमध्ये आहे पण एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत नाही, ही भानगड बहुतेक वेळा इथली असते.

मोजणी एक्सप्लोररच्या खिडकीत करू नये. तिथं विंडोज कुटुंबाचे गठ्ठे करून दाखवतं. चार फाइलींचा एक चौकोन दिसतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरात जाऊन डिर कमांड दिली की खऱ्या फाइली दिसतात, आणि ‘शून्य’ किंवा ‘एक’ अशी शेपटी लागलेल्या प्रतीही तिथंच उघड होतात: फॉन्ट वापरात असताना तो पुन्हा बसवला की विंडोज जुनी फाईल तशीच ठेवून नवी अशा नावाने टाकतं. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतल्या) ‘फॉन्ट्स’ या नोंदीत मात्र ५,८७० नावं होती. म्हणजे साडेचारशेच्या आसपास फाइली फोल्डरात नुसत्या पडून होत्या. त्यांची नोंद नाही, म्हणून कोणत्याही यादीत येत नाहीत.

यानंतर नक्कल. बाहेरच्या डिस्कवर सगळं, जसंच्या तसं, विंडोजची रोबोकॉपी ही कमांड वापरून; सोबत रजिस्ट्रीच्या दोन्ही फॉन्ट नोंदी (यंत्राची आणि खात्याची) एक्सपोर्ट करून. एक नक्कल दुकानात, दुसरी घरी. फोल्डरात फोल्डर असं सात पातळ्या खोल गेलेल्या संकलनांत वाटेची लांबी २६० अक्षरांच्या पुढे जाते आणि एक्सप्लोररची साधी कॉपी मध्येच अडते. रोबोकॉपी अडत नाही.

ठसे घेणं

हुबेहूब प्रती ओळखायला नाव, आकार, तारीख यांतलं काहीच भरवशाचं नाही. फाइलीचा ठसा, म्हणजे एसएचए-२५६ हॅश, हाच खरा. पॉवरशेलमध्ये गेट-चाइल्डआयटमने सगळ्या फाइली (आतल्या फोल्डरांसह) घ्यायच्या, त्या गेट-फाइलहॅशकडे द्यायच्या, आणि निकाल एक्सपोर्ट-सीएसव्हीने फाइलीत उतरवायचा. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये या शेवटच्या कमांडला एन्कोडिंग (अक्षरं क्रमांकांत नोंदवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्वतः सांगावं लागतं. नाही सांगितलं तर मराठीत नावं दिलेल्या फोल्डरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उतरतात, आणि मग कुठली फाईल कुठं होती ते कळत नाही. ज्यांना कमांडचा कंटाळा, त्यांना डुपगुरू हे मोफत साधन चालेल. फक्त शोध ‘फाइलीच्या नावावर’ न ठेवता ‘आतल्या मजकुरावर’ ठेवायचा.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून हॅशच्या रकान्यावर क्रम लावला. २०,९३० फाइलींतले वेगळे ठसे निघाले ७,९६०. म्हणजे जवळजवळ तेरा हजार फाइली शुद्ध नकला होत्या. त्यांचा प्रत्येकी एक नमुना ठेवून बाकीच्या डी ड्राइव्हवरून काढायला हरकत नाही. यात धोका शून्य, कारण बाइट अन् बाइट सारखा आहे. विंडोजच्या फोल्डराला या टप्प्यावर हात लावला नाही.

९६ फाइली निकामी निघाल्या. काही शून्य बाइटच्या. काही वेबसाठीच्या वॉफ फाइली, नुसतं शेपूट बदलून टीटीएफ केलेल्या. फाइलीचे पहिले चार बाइट पाहिले की जात कळते: ट्रूटाइपची सुरुवात ००, ०१, ००, ०० अशी होते, पोस्टस्क्रिप्ट बाह्यरेषांच्या ओपनटाइपला ‘ओटीटीओ’, संग्रहाला ‘टीटीसीएफ’. ‘फॉन्ट इन्स्टॉलर’ नावाच्या तीन ईएक्सई फाइलीही सापडल्या. त्या कुणी उघडून पाहायच्या नसतात. फॉन्टला ईएक्सई लागत नाही.

जुळे

उरलेल्या फाइलींतून खरं काम सुरू होतं. आतलं पूर्ण नाव सारखं पण ठसा वेगळा, अशी ३१८ नावं निघाली, फाइली ७०२. यांना एका वेगळ्या फोल्डरात ठेवलं, प्रत्येक नावाचा एक उपफोल्डर, आत अ, ब, कधी क.

सगळे जुळे सारखे धोक्याचे नसतात. बऱ्याच जोड्यांत फरक निघाला तो हिंटिंगचा (लहान आकारात अक्षर पडद्यावर नीट दिसावं म्हणून फॉन्टमध्ये दिलेल्या सूचनांचा), आवृत्तीच्या क्रमांकाचा किंवा नावाच्या टेबलातल्या एखाद्या ओळीचा. कागदावर फरक काहीच नाही. काही जोड्यांत अक्षरांची रुंदी बदललेली, म्हणजे ओळी वेगळ्या तुटणार. पत्रिकेत चालून जाईल, चाळीस पानी अहवालात नाही. काहींत एक फाईल साध्या एन्कोडिंगची आणि दुसरी ‘सिम्बॉल’ एन्कोडिंगची. चित्रं तीच, पण मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चिकटवला की चौकोन. आणि शेवटी ती खरी जात, ज्यात एखाद्या जागेवरचं चित्रच वेगळं.

ही जात ओळखायची पद्धत जुनी आणि साधी आहे. कोरलमध्ये ए-४ पानावर १६ रकाने आणि १४ ओळींचा तक्ता. १६ गुणिले १४ म्हणजे बरोबर २२४. प्रत्येक चौकटीत एक क्रमांक, अल्ट दाबून ००३२, ००३३ असं ०२५५ पर्यंत. हा तक्ता एकदाच बनवावा लागतो. मग अ फाईल चालू करून छापायचा, ती बंद करून ब चालू करून छापायचा, आणि दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. रुपया लगेच सापडतो. संगणकावरच करायचं तर फॉन्टफोर्ज या मोफत एडिटरात दोन्ही फॉन्ट उघडून ‘एलिमेंट’ मेनूतली ‘कम्पेअर फॉन्ट्स’ ही सोय वापरता येते. कोणत्या जागेची बाह्यरेषा जुळत नाही, याची ती यादी देते. पण हिंटिंगच्या किरकोळ फरकांनीही ती यादी लांबते. ऑपरेटरची नजर तयार असेल तर काचेवरचे कागद जास्त लवकर सांगतात, असं आमचं मत.

विद्याताईंच्या फॉन्टच्या दोन नव्हे, तीन फाइली निघाल्या. अ मध्ये ‘द्य’ जागेवर. ब मध्ये तिथं रुपया. क मध्ये ‘द्य’ शाबूत, पण रुपया ‘ऱ्ह’च्या जागी. म्हणजे ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ धोक्यात. या तिघांपैकी ‘खरा’ कोणता हा प्रश्न इथं गैरलागू आहे. २०१० च्या आधीच्या आणि थोरलीच्या पत्रिकेसारख्या ‘द्य’ टाइप केलेल्या कामांना अ हवा. मधल्या काळातल्या पावतीपुस्तकांना, ज्यांत रुपया टाइप केलेला आहे, त्यांना ब हवा. तिथं अ लावला तर ‘₹ ५०१’च्या जागी ‘द्य ५०१’ छापलं जाईल. फॉन्ट कामाचा असतो, संगणकाचा नसतो.

तिन्ही एकाच वेळी इन्स्टॉल करता येत नाहीत. आतली नावं बदलून करता येतील, पण मग जुनी फाईल जुन्या नावानेच हाक मारणार आणि तिला ते सापडणार नाही. शिवाय विकत घेतलेल्या फॉन्टच्या परवान्यात असा बदल सहसा बसत नाही. म्हणून यातला एकही कायमचा इन्स्टॉल करायचा नाही. काम उघडताना त्या कामाचा तेवढा चालू करायचा.

साठा वेगळा, बसवलेले वेगळे

त्यासाठी फॉन्ट मॅनेजर लागतो. नेक्ससफॉन्ट आणि फॉन्टबेस ही दोन साधनं मोफत वापरता येतात. कोरलड्रॉच्या एक्स-८ आवृत्तीपासून त्याच्यासोबत कोरल फॉन्ट मॅनेजर येतो. तिन्हींचं तत्त्व एक: फॉन्ट आपल्या फोल्डरातच राहतो, विंडोजच्या फोल्डरात त्याची नक्कल होत नाही, आणि हवा तेव्हा चालू-बंद करता येतो. शिस्त एवढीच, की आधी मॅनेजरमध्ये संच चालू करायचा, मग कोरल उघडायचा. उलट केलं तर काही सॉफ्टवेअर नवा फॉन्ट ओळखतात, काही बंद करून पुन्हा उघडावे लागतात. आणि नेक्ससफॉन्ट मध्येच बंद केला की त्याने चालू केलेले फॉन्टही जातात. समोरच्या फाइलीतला मजकूर अचानक बिघडलेला दिसला, तर घाबरून सेव्ह करू नये.

डी ड्राइव्हवर साठ्याचे पाच कप्पे केले: विकत घेतलेले, मुक्त परवान्याचे, जुन्या कामांचे, जुळे, आणि संशयित. फोल्डरांची नावं आखूड, रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता. पेजमेकरच्या वयाच्या सॉफ्टवेअरला एवढा मान द्यावा लागतो.

मग विंडोजचा फोल्डर हलका करणं. हे काम पितृपक्षात केलं. गणपतीची फ्लेक्स संपलेली, घटस्थापनेची सुरू व्हायची, आणि त्या पंधरवड्यात पत्रिका छापायला कुणी येत नाही. यूपीएसची बॅटरी आधी तपासून घेतली.

विंडोजचे स्वतःचे फॉन्ट कोणते, हे अंदाजाने ठरवू नये. मायक्रोसॉफ्टने प्रत्येक आवृत्तीची यादी दिलेली आहे. ती छापून समोर ठेवायची. सेगो यूआय, सेगो एमडीएल२ ॲसेट्स, ताहोमा, मार्लेट, एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरियर न्यू, सिम्बॉल, विंगडिंग्ज, निर्मला यूआय या नावांजवळ जायचंच नाही. बाकीचे दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्यांनी, कोरल, ॲडोबीची सगळी सॉफ्टवेअर आणि ब्राउझर बंद ठेवून काढायचे. पाच हजार एकदम निवडून डिलीट दाबलं की खिडकी गोठते आणि किती गेले, किती राहिले याचा पत्ता लागत नाही. ‘फाईल वापरात आहे’ असं आलं तर भांडत बसू नये. यंत्र रीस्टार्ट करून काहीही न उघडता तेवढेच पुन्हा काढावेत.

शेवटी कॅश. विंडोजने जुन्या फॉन्टांची टिपणं साठवलेली असतात आणि ती शिळी राहिली की काढलेला फॉन्ट यादीत भुतासारखा दिसत राहतो. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस’ थांबवायची. विंडोज, सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, ॲपडेटा, लोकल, फॉन्टकॅश या वाटेवरच्या फाइली काढायच्या. सिस्टम३२ मधली एफएनटीकॅश ही डॅट फाईल काढायची. सर्व्हिस सुरू करून यंत्र रीस्टार्ट करायचं. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, कारण टिपणं नव्याने तयार होतात.

विंडोजचे आणि रोजच्या कामाचे मिळून चारशेच्या आत फॉन्ट बसवलेले राहिले. कोरल पंचवीस सेकंदांत उघडू लागला. चहा आता त्याच्यानंतर येतो.

दोन गोष्टी बिघडल्या

पहिली मंगलची. ‘हा कोण वापरतो?’ म्हणत ऑपरेटरने मंगल उडवला. वर्डमध्ये केलेला एका संस्थेचा चार पानी अर्ज दुसऱ्या दिवशी उघडला तर मांडणी विस्कटलेली. मंगलच्या जागी विंडोजने निर्मला यूआय लावला होता, आणि दोघांची ओळींमधली उंची वेगळी. मंगल ऐसपैस बसतो. विंडोज १० मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात मोडतात. सेटिंग्ज, ॲप्स, ऑप्शनल फीचर्स इथून तो भाग पुन्हा जोडता येतो. त्याला इंटरनेट लागतं. उर्दू टाइपसेटिंग असाच अरबी लिपीच्या पूरक संचात असतो.

दुसरी अधिक महागात पडली असती. पेजमेकरचा जुना अहवाल उघडला आणि पॅनोज फॉन्ट मॅचिंगची खिडकी आली: अमुक फॉन्ट नाही, त्याऐवजी हा लावतो. ऑपरेटरने सवयीने ‘ओके’ केलं आणि वर सेव्हही केलं. ही अदलाबदल कायमची झाली की मूळ फॉन्ट कोणता होता, याची खूण फाइलीतून जाऊ शकते. नक्कल होती म्हणून निभावलं. पॅनोज आला की रद्द करायचं, फाईल न सेव्ह करता बंद करायची, फॉन्ट चालू करायचा, पुन्हा उघडायची.

चार लिप्यांचं गाव

नांदेडच्या दुकानाला एका देवनागरीवर भागत नाही. देगलूर नाक्याकडची पत्रिका एका बाजूला उर्दू असते, गुरुद्वाऱ्याच्या कार्यक्रमांसाठी गुरुमुखी लागते, आणि धर्माबाद, बिलोली, देगलूरकडचा गिऱ्हाईक तेलुगू मजकूर घेऊन येतो.

जुन्या इनपेजमधला नूरी नस्तालिक हा उर्दू फॉन्ट एका फाइलीत नसतो. जोडाक्षरांचे ठोकळे अनेक क्रमांकित फाइलींत विभागलेले असतात. ‘सारख्या नावाच्या इतक्या फाइली कशाला’ म्हणून त्यातली एक काढली, तर काही शब्द नीट आणि काही फुटके दिसू लागतात. तो फोल्डर अखंड एकच वस्तू समजावी, साफसफाईच्या बाहेर. गुरुमुखीचा अनमोललिपी आपल्या जुन्या मराठी फॉन्टांसारखाच आठ बिटांचा, म्हणून जुळ्यांची चाचणी त्यालाही लागू. तेलुगूला नव्या कामात युनिकोड फॉन्टच घ्यावा. त्या लिपीत प्रूफ वाचणारं माणूस दुकानात नसेल तर जुन्या एन्कोडिंगचा जुगार खेळूच नये.

नव्या मराठी कामालाही तेच. मुक्ता, बालू, खंड, मोडक, टिरो देवनागरी मराठी, नोटो सान्स देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखाली मिळतात. टिरोची मराठी आवृत्ती वेगळी आहे, ती घ्यावी. ल आणि श आपल्या वळणाचे येतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) चालू ठेवून भाषा मराठी निवडावी. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, तिथं हट्ट करू नये. कोणताही नवा फॉन्ट साठ्यात घेण्याआधी ही ओळ त्यात टाइप करून पाहावी: ‘ॲड. ऑफसेट, तऱ्हा, दऱ्या, चिठ्ठी, उद्ध्वस्त, वाङ्मय, ब्राह्मण, विद्या, काळवेळ, ₹ ५०१’. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी बनलेल्या फॉन्टांत तिथं चौकोन दिसतो किंवा दुसऱ्याच फॉन्टमधला उसना ॲ येऊन बसतो. आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर तो फॉन्ट मराठीला नको.

कामासोबत फॉन्ट

इथून पुढे प्रत्येक कामाचा एक फोल्डर, आणि आत त्याचे फॉन्ट. इनडिझाइन हे स्वतः करतं: फाईल मेनूत ‘पॅकेज’. त्यातून बनलेला ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ हा फोल्डर फाइलीशेजारी असला की ते फॉन्ट त्या फाइलीपुरते आपोआप चालू होतात. जुळ्यांवर याहून सोपा तोडगा नाही. कोरलमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’. पेजमेकरमध्ये प्लग-इन्समधली ‘पब इन्फो’ फॉन्टांची यादी देते, फाइली मात्र हाताने गोळा कराव्या लागतात. छापायला जाणारी पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ (फॉन्ट पीडीएफमध्येच घातलेला) लिहिलं आहे का ते पाहायचं. फ्लेक्सवाल्याला फाईल देताना कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा) करून द्यावी हे सगळे करतात. कर्व्ह करण्याआधीची फाईल वेगळ्या नावाने ठेवायला निम्मे विसरतात.

तीन वर्षांतली जी कामं पुन्हा येतात (अहवाल, पावतीपुस्तकं, शाळांची प्रमाणपत्रं, घराण्यांच्या पत्रिका) तेवढीच अशी बांधून घेतली. बाकीच्यांच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. ती उघडायची वेळ येईल तेव्हा त्या दिवशी.

टाइप १ चे जुने इंग्रजी फॉन्ट, म्हणजे पीएफबी-पीएफएमच्या जोड्या, साठ्यात राहू द्यावेत पण त्यांच्यावर नवं काम करू नये. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमधला त्यांचा आधार काढला. नव्या इनडिझाइनला ते दिसतच नाहीत.

संशयितांच्या कप्प्यात १,९०० फॉन्ट आहेत. कुठून आले माहीत नाही, परवाना नाही, किंवा ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं आत लिहिलेलं. पैसे घेऊन छापलेली पत्रिका वैयक्तिक वापरात बसत नाही. त्या कप्प्यातलं काही नव्या कामात चालू करायचं नाही, असं मालकांनी ठरवलं. ऑपरेटरला त्यातले दोन शीर्षकाचे फॉन्ट फार आवडतात, आणि त्यावरून अजून कुरबुर चालू आहे.

३१८ जुळ्यांपैकी २७७ नावांचे तक्ते छापून, फरक तपासून, फोल्डरात एका ओळीची टीप ठेवली आहे: ‘अ: द्य आहे. ब: द्यच्या जागी ₹. क: ऱ्हच्या जागी ₹.’ राहिलेली ४१ नावं बांधलेल्या कामांपैकी एकातही सापडली नाहीत. त्यांचे कागद छापायचे बाकी आहेत, आणि त्यातलं एखादं नाव मागणारी जुनी फाईल येईपर्यंत ते बाकीच राहतील. विद्याताईंच्या पत्रिका अ फाईल लावून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा छापून दिल्या, कागदासकट दुकानाच्या खर्चाने.